मंदीवाले डॉक्टर

पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या डाव्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघितली. मला नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता. औरंगपुऱ्यात एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. आमचे शेठ मुंबईच्या एका शेअर दलालाचे इथले हस्तक. गच्चीवर डिश, खाली दोन कॉम्प्युटर, आणि समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली दहा-बारा माणसं. त्यातल्या एका कॉम्प्युटरवर मी. साठीचा एक उंच, वाळका माणूस सरळ माझ्या टेबलाशी आला, न विचारता पापणी ओढली आणि म्हणाला, "ताई, रक्त कमी हाय. गूळ खात जा."

"मनावर घेऊ नका," शेठ आतून म्हणाले. "जनावरांचे डॉक्टर आहेत."

पुढं मी तपासून घेतलं, तर रक्त खरंच कमी निघालं. पण ते त्यांना कधी कळू दिलं नाही. त्यांचं कुठलंही निदान बरोबर आलं की पुढचे आठ दिवस त्यांच्या शेजारी बसवत नसे.

ते मूळचे देवगाव रंगारीचे. घरची शेती भाऊ बघायचा. डॉक्टरांनी सगळी हयात सरकारी दवाखान्यात गायी-म्हशींच्या पोटात कोपरापर्यंत हात घालण्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर शेअर बाजाराकडं वळले. बाकीचे लोक शेअर घ्यायला यायचे, हे विकायला यायचे. म्हणजे जवळ असलेले नव्हे, नसलेले. कंपनी चांगली आहे असं आयुष्यात एकदाही त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. कुठल्याही कंपनीचं नाव निघालं की ते विचारायचे, "हिला झालंय काय?" बाजार चढला की "ताप चढला" आणि पडला की "उतरला, आता झोप लागंल." पडद्यावर सगळं हिरवंगार झालेलं असताना, लोक एकमेकांना चहा पाजत असताना, हे मागच्या खुर्चीत गावातल्या सगळ्या जनावरांचा धनी मेल्यासारखा चेहरा करून बसायचे.

त्यामुळं ऑफिसात त्यांना अपशकुनी समजत. एक निवृत्त तहसीलदार तर त्यांना रोज सकाळी चहा पाजायचे आणि त्या बदल्यात एकच मागणं मागायचे, की माझ्या कंपनीचं नाव घेऊ नका. डॉक्टर चहा प्यायचे, कबूल करायचे आणि कप खाली ठेवताना हळूच म्हणायचे, "पण साहेब, पाय सुजलेत तिचे."

मंदी म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं. खरं तर ते आमच्या शिपायाला, करीमभाईला, समजावत होते. करीमभाई समोर चहाचा ट्रे धरून उभा.

"समज, शेजाऱ्याची म्हैस मागून आणली. बाजारात नेऊन विकली चाळीस हजाराला. पुढच्या महिन्यात म्हशीचा भाव पडला. तसलीच दुसरी घेतली तीसला अन् बांधली शेजाऱ्याच्या दावणीला. दहा हजार कुणाचे?"

"आपके," करीमभाई म्हणाला. "लेकिन पडोसी को दूध कौन देंगा तब तक?"

"दुधाचे पैसे द्यायचे त्याला. भाडं समज."

"और भाव बढ़ गया तो?"

"तं जास्त पैसे घालून घ्यायची."

"और पडोसी बीच में ही बोला, मेरी भैंस लाव, अब्बी के अब्बी?"

"शेजारी बघूनच म्हैस आणावी," असं म्हणून डॉक्टरांनी चहा उचलला.

आधी विकायचं आणि मग, भाव पडल्यावरच, घ्यायचं, हा नियम त्यांनी बाजारापुरता ठेवला नव्हता. स्वेटर ते मे महिन्यात घ्यायचे. फटाके दिवाळी झाल्यावर. आंबे घरात यायचे ते पाऊस पडून गेल्यावर, मऊ होऊन साल फाटलेले. शेठच्या पुतण्याच्या लग्नात सगळे अक्षता टाकत होते, तेव्हा हे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "नवरीचं पाऊल बघा. दोन वर्षं धरत नाय." ती दोघं अजून नांदतात. तीन मुलं आहेत. सगळीच निदानं बरोबर येत नसत.

पण कंपन्यांच्या बाबतीत त्यांचा हात सहसा चुकायचा नाही, आणि त्याचं कारण साधं होतं. आमची बाकीची गिऱ्हाइकं पेपर वाचून शेअर घ्यायची. डॉक्टर एम-एटीला किक मारून जाऊन बघून यायचे. त्या काळात सागवानाच्या कंपन्यांची लाट होती. पैसे गुंतवा, वीस वर्षांनी झाड तुमचं. अशाच एका कंपनीचं जंगल कन्नडकडं आहे असं छापील पुस्तकात रंगीत फोटोसकट होतं. डॉक्टर तिथं गेले. माळावर एक धनगर मेंढरं घेऊन उभा होता. डॉक्टरांनी त्याला आधी एका मेंढीच्या पायाची जखम धुऊन दिली आणि मग विचारलं, जंगल कुठंय?

"कसलं जंगल?"

"सागवानाचं."

"इथं सागवान लावलं असतं तं माझी मेंढरं कुठं चारली असती साहेब?" तो म्हणाला. "एक डाव आले व्हते मोटारीतून. रोपं ठिवली, फोटू काढला, रोपं उचलून घेऊन गेले."

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी मंदी केली. महिन्याभरात त्या शेअरचा कागद झाला. त्या पैशात त्यांनी पडेगावला घरासाठी प्लॉट घेतला, नवरा-बायकोच्या नावावर. उभ्या हयातीत घेतलेली ही त्यांची एकमेव गोष्ट, जी आधी घेतली होती आणि विकायची नव्हती.

त्यांच्या बायकोला आम्ही मॅडम म्हणायचो. त्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. डॉक्टर सकाळी यायचे, मॅडम शाळा सुटल्यावर, डॉक्टर घरी गेलेले असताना. त्यांचंही आमच्याकडं खातं होतं, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं.

त्या खात्यात एकाच कंपनीचे शेअर होते, दोन हजार. चितेगावला, पैठण रोडवर, जनावरांचा खुराक बनवणारी कंपनी होती. ती बाजारात आली तेव्हा एजंटनं शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत बसून सगळ्यांच्या गळ्यात थोडे थोडे शेअर मारले होते. मग शाळेचं स्नेहसंमेलन झालं. डॉक्टर मॅडमचे यजमान म्हणून पहिल्या रांगेत बसले, आणि जेवताना सगळ्या शिक्षकांना त्यांनी सांगितलं, की त्या खुराकात लाकडाचा भुसा आहे, आमच्या गावच्या बैलानं हुंगून तोंड फिरवलं, शेअर चुलीत घाला. शिक्षकांची तोंडं उतरली. जेवणं तशीच राहिली. मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी दुसऱ्या दिवशी खोलीत सांगून टाकलं, की ज्याला भीती वाटते त्यानं आपले शेअर मला द्यावे, घेतलेल्या भावात घेते. सगळ्यांनी दिले. मॅडमची पोस्टातली बचत त्यात गेली. घरी त्यांनी सांगितलं, की माझे होते तेवढे विकले.

हे सगळं मला मॅडमनीच सांगितलं, कागदी शेअर खात्यात जमा करायला आल्या होत्या तेव्हा. "आमच्या ह्यांच्या जिभेची किंमत आहे ही," त्या म्हणाल्या. "जपून ठेव."

काही वर्षं ते शेअर तसेच पडून होते. मग अचानक त्या कंपनीला पंख फुटले. परदेशातून खुराकाला मोठी मागणी आली म्हणे. भाव दहावरून वीस, वीसवरून चाळीस झाला. साठ झाला तेव्हा डॉक्टर एम-एटीवर चितेगावला जाऊन आले. फाटकासमोरच्या चहावाल्याकडं दुपारभर बसले. रात्रपाळी बंद आहे. ट्रक ताडपत्री बांधून बाहेर जातात आणि संध्याकाळी तीच ताडपत्री, त्याच गाठी, तसेच परत येतात. आवारात दहा-बारा देखण्या गायी बांधल्यात, त्या फक्त पाहुण्यांना दाखवायला, आणि त्यांना खायला बाहेरून कडबा येतो.

"स्वतःच्या गायीला स्वतःचा खुराक घालत नाय," डॉक्टर ऑफिसात येऊन म्हणाले. "ताई, दोन हजार विका."

मी विकले. साठ रुपयांनी.

त्या काळी आठवड्याचा हिशेब असायचा. या आठवड्यात विकलेले शेअर पुढच्या आठवड्यात द्यावेच लागत. डॉक्टरांचा बेत असा, की शुक्रवारच्या आत भाव पडेल आणि आपण स्वस्तात घेऊन मोकळे होऊ. शुक्रवारी भाव सत्तर झाला. डॉक्टर घ्यायला तयार होईनात. म्हणाले, शेअर उसने आणा, मी भाडं देतो, पुढच्या आठवड्यात पडतोय. शेठनी चार ठिकाणी फोन लावले. तो शेअर कुणाकडंच मोकळा नव्हता. कंपनीवाल्यांनी आणि त्यांच्या मुंबईच्या दोस्तांनी सगळा माल आपल्याकडं ओढून ठेवला होता. शेठ विचार करत राहिले, मग माझ्याकडं बघून हसायला लागले.

"नाही," मी म्हणाले.

"अरे, काय नाही? धंद्यात कोण कुणाची बायको? दोन ग्राहक आहेत."

मी मॅडमना विचारलं. मला वाटलं त्या हो म्हणणार नाहीत, किंवा रडतील. त्यांनी शांतपणे पर्स मिटली.

"भाडं किती मिळेल?"

"शेअरमागं आठवड्याला रुपया म्हणतायत."

"चालेल. ह्यांना नाव कळता कामा नये."

"पण मॅडम, घरातच द्या ना तुम्ही. त्यांचे पैसे वाचतील."

"घरात दिले तर फुकट द्यावे लागतील, आणि फुकट मिळालं तर ते आणखी विकून बसतील," मॅडम म्हणाल्या. "भाडं भरू दे. एकदा जीभ पोळली की थांबतील."

ते थांबले नाहीत. भाव नव्वद झाला, मग शंभर. दर आठवड्याला मी डॉक्टरांच्या खात्यातून पैसे कापायचे आणि मॅडमच्या खात्यात टाकायचे. आणि दर आठवड्याला डॉक्टर त्या अनोळखी माणसाला माझ्या मार्फत निरोप पाठवायचे. जनावरांच्या अंगावर राहणारा एकही जीव त्यांनी त्यात सोडला नाही.

"सांगा त्याला, जळू हाय तू. मेलेल्या म्हशीला बी सोडायचा नाय."

संध्याकाळी मॅडम यायच्या. "आज काय म्हणाले?"

"जळू."

"गेल्या आठवड्यात काय होतं?"

"गोचीड."

"गोचीड जास्त चिकट असतं," मॅडम म्हणायच्या, आणि भाडं वाढवायला सांगायच्या. रुपयाचे दोन झाले. दोनाचे तीन, मग चार. मला वाटायचं, ही बाई नवऱ्याला लुटते आहे. एकदा न राहवून तसं बोलले पण. त्या म्हणाल्या, "अगं, परवडेनासं झालं की सोडतील म्हणून वाढवते. पण ह्या माणसाला परवडेनासंच होत नाही."

पहिल्या महिन्याच्या भाड्यात मॅडमनी फ्रीज घेतला. डॉक्टरांना सांगितलं, वेतन आयोगाचा फरक मिळाला. डॉक्टर ऑफिसात येऊन फ्रीजचं कौतुक करायचे. कुठल्याही गोष्टीचं कौतुक करताना मी त्यांना प्रथमच बघत होते. "घरी आता थंडगार पाणी असतं ताई. शिक्षकांचं बरंय. सरकार बसल्या जागी देतंय."

मी मान खाली घालून कळफलक पुसत बसायचे. करीमभाईला सगळं माहीत होतं. तो ट्रे घेऊन बाहेर जायचा आणि जिन्यात बसून हसायचा.

पण भाव दीडशेच्या पुढं गेला तेव्हा हसू येईनासं झालं. शेअर रोज सकाळी उघडताच वरच्या सर्किटला जाऊन बसायचा. म्हणजे एका दिवसात जेवढं चढायची मुभा, तेवढा चढायचा, आणि मग घेणारे हजार, विकणारा एक नाही. डॉक्टर आले तरी बोलेनासे झाले. त्यांची ग्रॅच्युइटी आमच्याकडं अनामत होती, ती भाडं आणि चढत्या भावाचा फरक भरण्यात अर्धी गेली होती. तहसीलदारांनी चहा पाजणं बंद केलं, म्हणाले, आता गरज नाही. एकदा एक ओळखीचा शेतकरी बैलासाठी औषध विचारायला ऑफिसात आला, तर डॉक्टरांनी त्याला औषध सांगितलं, पण पडद्यावरची नजर काढली नाही, आणि बैल कुठल्या पायानं लंगडतो ते विचारायचं विसरले. तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं, त्यांच्याही आलं. ते उठून जिन्यापर्यंत गेले. तो माणूस गर्दीत दिसेना.

त्याच आठवड्यात त्यांनी मॅडमकडं पडेगावच्या प्लॉटचे कागद मागितले. बँकेकडं ठेवून आणखी पैसे उचलायचे होते, आणखी शेअर विकायची अनामत भरायला.

मॅडम दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीतच ऑफिसात आल्या. डॉक्टर तेव्हा नेमके चितेगावला गेले होते. मॅडमच्या हाताला खडू होता.

"माझे शेअर परत पाहिजेत," त्या म्हणाल्या.

शेठ खुर्चीतून उठले. "मॅडम, आत्ता? आत्ता परत मागितले तर त्यांना बाजारातून घ्यावे लागतील. एकशे सत्तर-ऐंशी भाव आहे. माणूस मरेल."

"घायाळ होईल," मॅडम म्हणाल्या. "उद्या आणखी पाच हजार विकून बसले, तर मरेल. कंपनी बुडणार हे मला पण पटलंय शेठजी. पण ती बुडेपर्यंत आमचं घर तरंगायला पाहिजे ना."

शेठनी डॉक्टरांना सांगितलं. ज्याचे शेअर आहेत तो या आठवड्यानंतर उसने ठेवायला तयार नाही, शुक्रवारच्या आत घ्या. डॉक्टरांनी भाडं पाच देतो म्हणून सांगितलं, सहा देतो म्हणाले. शेठनी मान हलवली. शुक्रवारी दुपारपर्यंत डॉक्टर त्यांच्या मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसून राहिले. घ्या म्हणेनात.

"डॉक्टरसाब," शेठ शेवटी म्हणाले, "तुम नहीं लेंगे, तो मेरेकू लेना पड़ेगा. आज नाही घेतले तर परत द्यायची जिम्मेदारी माझ्या गळ्यात."

"नका घेऊ. सोमवारी पडतोय."

"हे तुम्ही किती सोमवार म्हणताय?"

शेठनी माझ्याकडं बघितलं. "घ्या. मिळेल त्या भावात."

सर्किट थोडा वेळ सुटलं होतं, विकणारे आले होते. मी कळ दाबली. शंभर मिळाले, मग पाचशे, मग उरलेले. सरासरी एकशे नव्वद पडली. साठला विकलेले, एकशे नव्वदला घेतले. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डॉक्टर माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं, बोलतील. त्यांनी पडदा बघितला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "ताई, तुमचा हात थरथरतोय. जेवला नाय का?"

आणि जिना उतरून गेले.

शेअर परत आले त्या दिवशी मॅडम आल्या आणि त्यांनी मला एक काम सांगितलं. ते मी केलं. मग त्या म्हणाल्या, "रविवारी जेवायला ये. मी त्यांना सांगणार आहे. तू असलीस तर ताट भिरकावणार नाहीत."

रविवारी मी गेले. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. डॉक्टर आणि मी पाटावर, मॅडम वाढायला. डॉक्टरांची दाढी वाढली होती. दोन घास झाल्यावर ते ताटाकडं बघतच म्हणाले,

"पडेगावच्या प्लॉटला गिऱ्हाईक आलंय. तुझी सही लागंल."

"कशासाठी?"

त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, हे त्यांचं मला फार बरं वाटलं. किती विकले, किती भाडं भरलं, किती बुडाले. शेवटी म्हणाले, "कंपनी बोगस हाय हे आजबी सांगतो. पण त्या गोचिडानं ऐन वख्ताला शेअर मागितले."

"कोण गोचीड?"

"नाव सांगत नाय शेठ. ह्या ताईला म्हाईत हाय, ती बी सांगत नाय."

"सांग गं," मॅडम म्हणाल्या.

मी भरिताकडं बघत बसले.

"मीच ती," मॅडम म्हणाल्या आणि डॉक्टरांच्या ताटात भाकरी वाढली. "शिक्षकांनी तुमच्यामुळं दिलेले शेअर. मी विकले नव्हते."

डॉक्टरांचा हात ताटावर तसाच थांबला. स्वयंपाकघरात फ्रीज घरघरत होता. त्यांनी मान वळवून आधी फ्रीजकडं बघितलं, मग बायकोकडं, मग परत फ्रीजकडं.

"हा फरकाचा नाय?"

"नाही."

मी ताट थोडं जवळ ओढून घेतलं, न जाणो.

"भाडं चारवर कुणी नेलं?"

"मी. तुम्ही थांबावं म्हणून."

"मी सहा दिले असते."

"दिसत होतं ते. म्हणून तर परत मागितले."

आता ते हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "म्हंजी तुला बी वाटलं, म्हातारा चुकला. तहसीलदारासारखं."

मॅडमनी भाकरीची टोपली खाली ठेवली. "शेअर परत आले त्या दिवशी मी काय केलं, हिला विचारा."

"सगळे विकले," मी म्हणाले. "दोन हजार. एकशे शहाण्णवनं."

"विकले?" डॉक्टर म्हणाले. "काहून? भाव तं अजून चढतोय."

"तुम्ही म्हणाला होतात ना, बुडणार म्हणून," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या शहरात तुमचं ऐकणारी मी एकटीच निघाले. प्लॉट विकायची गरज नाही. तुमचं भरून वर उरतंय."

डॉक्टरांनी डाव्या हाताच्या मनगटानं डोळे पुसले. चटणी तिखट होती, पण तेवढी नव्हती. मग ते पाटावरून उठले, टोपली उचलली आणि म्हणाले, "तू बस. मी वाढतो." मॅडम बसल्या. डॉक्टरांनी वाढलं. भरीत वाढायची त्यांना सवय नव्हती, अर्धं पाटावर सांडलं. त्या घरात त्याआधी किंवा नंतर त्यांनी कधी वाढलं असेल असं मला वाटत नाही.

कंपनी त्यानंतर काही महिन्यांनी गेली. परदेशातली मागणी नव्हतीच. आता शेअर रोज खालच्या सर्किटला बसायचा, विकणारे हजार, घेणारा एक नाही. तहसीलदारांनी तो दीडशेला घेतला होता. मी वाट बघत होते, की डॉक्टर येतील आणि आठ दिवस आम्हाला जगू देणार नाहीत. ते आलेच नाहीत. घरी फोन केला तर मॅडम म्हणाल्या, चितेगावला गेलेत. फाटकाला कुलूप लागलं होतं आणि आत त्या देखण्या गायी तशाच बांधलेल्या, दावणीला काडी नाही. डॉक्टरांनी वॉचमनला पटवलं. देवगावहून भावाकडचा कडबा टेंपोत घालून नेला. बँकेची माणसं येऊन गायी घेऊन जाईपर्यंत ते रोज जाऊन त्यांना खायला घालत होते, एकीचं वासरू आडवं आलं होतं ते त्यांनीच सोडवलं.

पुढं कधीतरी ते ऑफिसात आले तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर, शेवटी तुमचंच खरं झालं."

"झालं," ते म्हणाले. "चहावाल्याची टपरी बी बंद झाली. त्याच्या पोराला नोकरी बघा कुठं असंल तं."

एवढंच. पेढे नाहीत, आठवण करून देणं नाही. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

पण मंदी त्यांनी सोडली असं कुणी समजू नये. त्या वर्षी दिवाळीच्या आसपास एका दुपारी जिन्यात दोन माणसांची पावलं वाजली. डॉक्टर पुढं, मॅडम मागं. दोघं माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या ओढून बसले. करीमभाई न सांगता चहा घेऊन आला आणि ट्रे घेऊन तिथंच उभा राहिला. डॉक्टरांनी एका मोठ्या, नावाजलेल्या कंपनीचं नाव घेतलं. मॅडमच्या खात्यात आता तिचे शेअर होते. मॅडमनी पर्समधून चष्मा काढला.

"हिला काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"फुफ्फुसं गेलीत. जाऊन बघून आलो."

"किती शेअर पाहिजेत?"

"हजार."

"कधीपर्यंत?"

"मरंपर्यंत."

मॅडमनी चष्मा लावला आणि माझ्याकडं वळल्या. "अगं, ह्यांच्याकडून भाडं आगाऊ घे."